गिगा-महाराजांची गादी

"दोनच किलोपास्कल? माझा दाब फक्त दोन?" राजा प्रचंडसेन सिंहासनावरून गरजला, आणि दरबारचे मोजणीशास्त्री अंतोबा पुन्हा एकदा आकडा तपासू लागले.

परदेशातून मेट्रिक मापं आल्यापासून राजाने मानही त्याच मापाने वाटला होता. हजाराला किलो, म्हणून सगळे किलो-सरदार. दहा लाखांना मेगा, म्हणून त्र्यंबकपंत मेगा-प्रधान. शंभर कोटींना गिगा, ते पद राजाने स्वतःकडेच ठेवलं. आता गिगा-महाराज म्हटल्यावर सिंहासनावर निदान एक गिगापास्कल दाब पडायला नको का? मोजला, तर निघाले जेमतेम दोन हजार पास्कल! म्हणजे राजाच किलो-सरदारांच्या पंगतीत जाऊन बसला.

मग दोन जाडजूड सरदार राजाच्या मांडीवर बसवले. दाब सहा किलोपास्कल झाला आणि राजाच्या पायांना मुंग्या आल्या.

"एका गिगापास्कलसाठी पाच लाख महाराज एकावर एक रचावे लागतील," अंतोबा चाचरत म्हणाले.

त्र्यंबकपंतांनी मान वर करून पाहिलं. "छत आड येतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "महाराज, दोष या गादीचा आहे! इतकी ऐसपैस शिवल्यावर दाब सगळा पसरून जाणार नाही तर काय?"

गादी शिवली होती धुरपाबाईने. गावात गोधड्या शिवून पोट भरणारी बाई, तिला हातातल्या कामावरून तशीच उचलून आणली.

"दिवस मावळायच्या आत माझा दाब एक गिगापास्कल कर," राजा म्हणाला. "नाहीतर राज्याची हद्द सोड!"

धुरपाच्या हातात गोधडीची सुई अजून तशीच होती. घर सोडायचं? लेक बाळंतपणाला आलेली, तिला घेऊन जायचं तरी कुठे? भीती तर वाटलीच, पण त्याहून जास्त राग आला. गादी चांगली शिवली हा काय गुन्हा झाला?

"शास्त्रीबुवा, ह्यो पास्कल म्हंजी काय वो?"

"एक चौरस मीटर जागेवर एक न्यूटन जोर. न्यूटन म्हणजे साधारण शंभर ग्रॅमचं ओझं."

"अन् जागा बारीक केली तर?"

"जोर तेवढाच राहिला तरी दाब वाढतो."

"मग पाच लाख म्हाराज कशाला पायजेत? हायेत त्येवढं एक पुरे! तराजू आणा."

तराजू आला. धुरपाने एका पारड्यात लोखंडी पत्रा ठेवला. दुसऱ्यात पत्र्याच्या बरोबरीचं वजन टाकलं आणि वर एक किलोचं माप चढवलं. मग आपल्या बोटातलं पितळी अंगुस्तान काढून राजाच्या बोटात घातलं, आणि गोधडीची सुई पत्र्यावर उभी धरली.

"दाबा, म्हाराज! बोटाला टोचणार न्हाई, त्येच्यासाठीच तर ही टोपी. पारडी सारखी झाली की थांबा."

राजाने जीभ बाहेर काढून सुई दाबली. पारडी समान झाली! अंतोबांनी भिंग लावून सुईचं टोक मोजलं.

"टोक चौरस मिलिमीटरचा शंभरावा भाग," ते पुटपुटले. "अशी टोकं एका चौरस मीटरमध्ये मावतात दहा कोटी. जोर एक किलो वजनाचा, म्हणजे दहा न्यूटन. दहा गुणिले दहा कोटी... अहो, शंभर कोटी पास्कल! एक गिगापास्कल! तोही महाराजांच्या एका बोटाने!"

दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला. त्र्यंबकपंतांना तो सोसवेना.

"हा कसला गिगा? सुईने तर कुठलीही बाई करील!"

"करते की! रोज, टाक्यागणिक!" धुरपा म्हणाली.

"महाराज, आपला दाब सिंहासनावर पडायला हवा. बसल्या जागी!"

राजाला ते पटलं. "खरंच की! मला बसून गिगा व्हायचंय!"

"त्येला कितीसा येळ?" धुरपाने सुई उचलली. "हीच सुई टोक वर करून गादीत उभी शिवते. म्हाराजांनी बूड टेकायचं! सगळं वजन त्या टोकावर आलं, तर किती व्हईल वो शास्त्रीबुवा?"

अंतोबांनी बोटांवर हिशेब केला. "महाराज भरतात शंभर किलो... म्हणजे शंभर गिगापास्कल!"

"घ्या! एक मागितला, शंभर मिळाले! बसा, म्हाराज!"

राजाचे दोन्ही हात आपोआप मागे गेले. तो सुईकडे पाहत राहिला. मग त्याचं पोट हललं, खांदे हलले, आणि तो असा हसत सुटला की मुकुट घरंगळून प्रधानांच्या पायाशी गेला.

"नको गं बाई! मी आपला दोन किलोवरच सुखी आहे!" डोळे पुसत तो म्हणाला. "गादी आहे तशीच राहू दे. आणि या बाईला सोन्याचं अंगुस्तान करून द्या!"

"सोन्याचं नगं, म्हाराज!"

"का? कमी पडलं?"

"सोनं मऊ असतंय. माझी सुई गिगाची, चार टाक्यांत आरपार जाऊन बोटात शिरंल. अंगुस्तान पितळंचंच बरं. सोनं तेवढं येगळं द्या!"

राजा पुन्हा पोट धरून हसला, आणि त्याने दोन ओंजळी भरून सोनं तिच्या पदरात टाकलं.