पालखीच्या वळणावरची भिंत

फार जुनी गोष्ट आहे बरं का, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येणार नाही.

त्या राज्यात एक विचित्र रीत होती. वर्षातून एकदा राजाची पालखी गावातून निघे, आणि तिच्या वाटेवर कुणी तोंड उघडायचं नाही. गाऱ्हाणं तर सोडाच, शिंकसुद्धा दाबून धरायची. राजाने फक्त बघायचं आणि प्रजेने फक्त दिसायचं.

तिथल्या एका आळीत एक चितारी राहत असे. गेरू आणि कोळसा घेऊन तो भिंतींवर चित्रं काढी. मोर-पोपट नव्हेत हो! फुकटची भाजी उचलणारा कोतवाल, खोट्या मापाने धान्य मोजणारा भांडारी, असली चित्रं. लोक खुदुखुदु हसत आणि शिपाई दिसला की पांगत.

त्याच्या शेजारच्या बाईला सगळी आळी काकी म्हणे. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, सगळं तिला ठाऊक. पण जीव लावणारी. चिताऱ्याची बायको गेल्यापासून त्याच्या लहानग्या लेकीला काकीच भरवी.

त्या वर्षी कोतवालाने आळीच्या विहिरीवर फळ्या ठोकल्या आणि कुलूप घातलं. म्हणे, पाणी राजाच्या हत्तींना हवं! आळी डबक्याचं पाणी पिऊ लागली. पोरं आजारी पडली. चिताऱ्याच्या लेकीने तर अंथरूणच धरलं.

चितारी काकीकडे आला. "काकी, तुझी भिंत दे."

"माझीच का रे मेल्या? आळीत भिंती काय कमी आहेत?"

"तुझ्या वळणावर भोई खांदा बदलतात. पालखी तिथेच थांबते. तेवढा वेळ राजाला दुसरं बघायलाच काही नाही."

काकीने भिंत दिली.

चित्र असं उतरलं की बघणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. हत्ती सोंडेने पाणी उडवतोय आणि त्याच्या पायाशी एक पोर रिकाम्या हंड्यात तोंड घालून बसलंय.

कोतवाल हादरला. पण घराची भिंत घरच्या बाईशिवाय कुणी पुसायची नाही, हीसुद्धा तिथली रीतच. मग पालखीच्या दिवशी सकाळी त्याचा शिपाई काकीच्या कानाशी लागला. "राजाने हे पाहिलं तर आमचे कोतवाल चित्र काढणाऱ्याचे हात तोडतील. बघा बाई, शेजारधर्म तुमचा."

एरवी दहा प्रश्न विचारणारी काकी, त्या दिवशी एकही विचारायला थांबली नाही. तिने पांढरी माती घेतली, घरातलं उरलंसुरलं पाणी त्यात ओतलं आणि भिंत सारवून टाकली.

पालखी आली. भोयांनी खांदा बदलला. राजाने स्वच्छ, पांढरी भिंत पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. चितारी लेकीजवळून धावत दाराशी आला. भिंत बघून त्याने ओरडायला तोंड उघडलं, तर आळीतल्या लोकांनीच मायेने ते दाबून धरलं. पालखी निघून गेली.

"काकी, काय केलंस हे?"

"तुझे हात तोडले असते रे! मग पोरीला कुणी बघितलं असतं?"

"हात गेले असते काकी, पण विहीर तर उघडली असती."

विहीर उघडली नाही. चिताऱ्याची लेक त्याच आठवड्यात गेली.

मग काकीने स्वतःच्या हाताने गेरू कालवून त्याच्यापुढे ठेवला. "काढ रे बाबा. आता नाही मी कुणाचं ऐकणार." चितारी आपल्या धडधाकट हातांकडे नुसता बघत राहिला. ते हात त्याने पुन्हा कधी भिंतीकडे उचललेच नाहीत.

पुढच्या वर्षी पालखीच्या आधी काकी स्वतःच काढायला बसली. हत्ती हत्तीसारखा झाला नाही, पोर पोरासारखं झालं नाही. राजाला वाटलं, सणाची काही नक्षी असेल. तो कौतुकाने हसला. भोयांनी खांदा बदलला आणि पालखी पुढे गेली.

लहानांनो आणि मोठ्यांनोही, एवढं ध्यानात ठेवा: खरं सांगणाऱ्याला वाचवायचं असेल तर त्याच्या बाजूला उभं राहावं, त्याचं खरं पुसू नये.