हरबाशेठची ललकारी

वेळणपूरच्या आडावर गुलाबची घागर पुन्हा उपडी करून ठेवलेली होती. पंधरवडा हेच चाललं होतं.

"तुमच्या लोकांना इथं पाणी नाही," आडावरच्या बायका म्हणाल्या. "भिंतीवर लिहिलंय, वाचलं नाहीस?"

वाचलं होतं. चावडीसमोरच्या पांढऱ्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं ओळ काढून पसार झालं होतं : "दर्यापारकराची सावली पडली की पाणी काळं होतं." दर्यापारकर म्हणजे गुलाबचे लोक. पणजोबांच्या वेळी समुद्रापलीकडून गलबतानं आलेले, काळेभोर, कुरळ्या केसांचे, आणि आवाज असा खणखणीत की राजवाड्यातली चोपदारी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडेच. सध्याचा चोपदार गुलाबचा बाप सुभान. ज्याची ललकारी ऐकून दरबार उठून उभा राहायचा, त्याच्या घरात प्यायला धड पाणी नव्हतं. दूरच्या ओढ्यावरून गढूळ पाणी आणायचं आणि गाळून प्यायचं.

गुलाब रिकामी घागर कमरेवर घेऊन तडक दरबारात गेली.

मकरंदराजे मनानं मोकळे, पण हट्टाला पेटले की संपलं! ती भिंत त्यांनीच बांधून घेतली होती, ज्याला जे वाटेल ते त्यानं नाव न सांगता लिहावं म्हणून. शेजारी दगडावर कोरलं होतं : "या भिंतीपायी राज्यात कुणालाही शिक्षा होणार नाही." पहिल्याच दिवशी कुणीतरी राजांच्या लांब नाकावर चार ओळी लिहिल्या. राजांनी त्या चवीनं वाचल्या, वर राणीसाहेबांनाही वाचायला नेलं. तेव्हापासून त्यांना त्या दगडाचा भारी अभिमान.

"ओळ पुसणार नाही," राजे म्हणाले. "लिहिणाऱ्याला शिक्षा करणार नाही. लिहायला बंदी घालणार नाही. एवढं सांभाळून तुला आड उघडता येत असेल तर उघड. पौर्णिमेपर्यंत नाही जमलं, तर तुम्हा सगळ्यांना खाडीपलीकडे वस्ती देतो. तिथं आड नाही म्हणतात. पण भिंतही नाही!"

दरबार खो खो हसला. सुभान चांदीची काठी धरून समोर बघत उभा होता.

"शिक्षा नको, महाराज," ती म्हणाली. "बक्षीस चालेल?"

"कुणाला?"

"ओळ लिहिणाऱ्याला! कोळशाच्या एका तुकड्यानं गावचा आड बंद केला त्यानं. तुमच्या फौजेला जमलं असतं का? मानकरी करा त्याला!"

राजांनी मिशीवरून हात फिरवला. बक्षीस देऊ नये असं दगडावर कुठं कोरलेलं नव्हतं.

दवंडी पिटली गेली, आणि कालपर्यंत बेवारस असलेल्या ओळीवर हक्क सांगायला हीऽ गर्दी जमली. शेवटी तेलाचे व्यापारी हरबाशेठ सगळ्यांना कोपरानं बाजूला सारत पुढे आले आणि त्यांनी तीच ओळ त्याच वळणात काढून दाखवली. शाल मिळाली, नारळ मिळाला, पागोटं मिळालं. शेठजी फुलून गेले.

"आणि मानकऱ्याचा रिवाज?" गुलाबनं आठवण करून दिली.

रिवाज जुना होता. मानकरी घराबाहेर पडला की चोपदारानं त्याच्या पुढे चालायचं आणि मान कशाबद्दल मिळाला त्याची ललकारी द्यायची. महिनाभर.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठजी पागोटं सावरत निघाले. सुभाननं काठी आपटली.

"सावधान! दर्यापारकराची सावली पडली की पाणी काळं होतं असं म्हणणारे हरबाशेठ येत आहेत हो!"

आवाज वेशीपर्यंत गेला. सुभाननं कुठं हात आखडता घेतला नाही. काम ते काम.

शेठजी आधी व्याह्यांकडे टेकले. व्याही पाण्याचा तांब्या घेऊन आले, सुभानची सावली तांब्यावर पडली, आणि व्याह्यांनी तांब्या परत आत नेला. "काळं झालं असणार, शेठ. तुम्हीच म्हणता ना?" शेठजी आडाकडे वळले, तर बायका दुरूनच ओरडल्या, "लांब व्हा! तुमच्याबरोबर सावली आहे!" दुकानातल्या गड्यानं तर दोघांना येताना पाहून घाईघाईनं माठावर पोतं टाकलं.

दुपारचं ऊन वाढलं. डोक्यावर पागोटं, अंगावर शाल, घशाला कोरड. शेवटी भर बाजारात शेठजींनी सुभानच्याच कमरेचा चंबू हिसकावला आणि घटाघटा रिकामा केला! सांडलेलं पाणी अख्ख्या बाजारानं वाकून पाहिलं. गढूळ होतं. काळं नव्हतं.

शेठजी तसेच धावत दरबारात शिरले.

"महाराज, सोडवा! ही कसली ललकारी, ही तर शिक्षा आहे!"

राजे ताडकन उठले. "गुलाब! माझा शब्द मोडलास?"

"मी काय केलं, महाराज? शेठजींना कुणी बोटही लावलं नाही. त्यांचेच शब्द त्यांच्याबरोबर चालले. त्याला शिक्षा म्हणायचं?"

"शिक्षाच ती! माणसाचं पाणी बंद झालं!"

"त्यांचं सकाळपासून," गुलाब म्हणाली. "आमचं त्याच शब्दांनी पंधरवडा बंद आहे. मग तुमचा शब्द आधी कुणी मोडला, महाराज? मी, की तुमच्या भिंतीनं?"

राजांना दगडावरची ओळ आठवली. दगड त्यांनीच कोरून घेतला होता, दुसऱ्या कुणावर ढकलायचीही सोय नव्हती. मग ते असे हसले, असे हसले, की सिंहासनाची गादी घसरली. आड त्याच घटकेला उघडला. शेठजींची शाल राहिली, ललकारी सुटली. आणि चुन्याची बादली गुलाबच्या हाती आली : काय ठेवायचं, काय पुसायचं, ते तिनं ठरवायचं.

दुसऱ्या सकाळी राजे मुद्दाम भिंतीकडून गेले. हरबाशेठची ओळ गेली होती. शेजारी राजांच्या नाकावर नव्या चार ओळी होत्या, आधीच्यापेक्षा बऱ्याच झोंबणाऱ्या. गुलाब कुंचला धुऊन घरी निघाली होती.

"अगं, हे राहिलं!"

"राहू द्या, महाराज. तुमच्या नाकापायी कुणाचं पाणी बंद झालेलं नाही!"

राजे पोट धरून हसले, हातातलं सोन्याचं कडं काढून तिला दिलं, आणि नाक चोळत वाड्याकडे गेले.