मुसक्याचं कुरण

ते समोर पिवळं दिसतंय, ते मुसक्याचं कुरण. खुशाल जाऊन या, पण पायांत जाड काहीतरी घाला. तिथं कुसळाशिवाय काही उगवत नाही. ते कपड्यांत शिरतं, कातडीत शिरतं, आणि जनावराच्या जिभेत रुतलं तर ते पाण्यालाही तोंड लावत नाही. एवढं मोठं रान असून आमची गुरं विकतच्या कडब्यावर जगतात.

पूर्वी इथं कमरेइतकं मारवेल गवत माजायचं म्हणे. कुरण सटवाजी पाटलाचं. त्याच्या बैलांनी खाऊन उरलेलं गवत उभ्यानं वाळून जाई, पण दुसऱ्याच्या जनावराला काडी मिळत नसे. असली माणसं देव का घडवतो, हे इतकी वर्षं बिरोबाची पूजा करून मला कळलेलं नाही.

एका दुष्काळात धुरपा नावाची धनगरीण मेंढरं घेऊन आली. नवरा वाटेतच गेला होता. कडेवर दोन वर्षांची लेक. पाणी उरलं होतं ते फक्त कुरणापलीकडच्या ओढ्यात, आणि दोन्ही बाजूंना कडे असल्यानं तिकडची वाट कुरणातूनच होती. पाटील बांधावर बसला होता. धुरपा त्याच्या पाया पडली.

"पाटील, गवात नगं. निस्तं पान्याला जाऊ द्या."

"जा की," पाटील म्हणाला. "पर समद्यांच्या तोंडाला मुसकी बांध. जे तोंड माज्या गवताला लागंल, ते माजं. बिरोबाची आन घे."

मळणीत बैलानं कणसाला तोंड लावू नये म्हणून जाळी बांधतात, तेच मुसकं. धुरपानं आण घेतली. मेंढरांच्याच लोकरीच्या दोऱ्या वळून तिनं एकेक तोंड बांधलं आणि कळप गवतात घातला. उपाशी मेंढरं गवतात नाकं खुपसत होती. काही तिथंच बसली ती उठली नाहीत. गाव बांधावर उभं राहून बघत होतं, आणि खोटं कशाला बोलू, हसतही होतं.

पलीकडचा बांध हाताशी आला, तेवढ्यात कडेवरच्या पोरीनं एक काडी ओढून तोंडात घातली. भुकेलं लेकरू ते, चोखायला लागलं. धुरपानं सगळी तोंडं बांधली होती, हे एक बांधायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

कळपामागनं चालत आलेला पाटील पुढं झाला आणि त्यानं पोरीला तिच्या कडेवरून ओढून घेतलं.

"मेंढरं घ्या, समदी घ्या!" धुरपा ओरडली. "लेकरू हाय ते, त्याला काय कळतंय?"

"तोंडच हाय की त्ये बी. बिरोबाची आन घेतलीस तू, माजी न्हाई. ती मोडाया मी कोन?"

गावात शहाणीसुरती माणसं होती. ती आपापल्या घराकडं वळली.

धुरपानं मेंढरांची तोंडं सोडली आणि त्यांना पाण्यावर घातलं. मग एक मुसकं स्वतःच्या तोंडाला बांधून ती बांधावर बसली. पुढं लाज वाटून कुणी भाकरी आणली, कुणी पाणी आणलं. तिनं मुसकं काढलं नाही. तशीच बसल्या जागी मेली, असं सांगतात. पोर पाटलाच्या गोठ्यात शेण काढत वाढली. तिचं नाव काय होतं, हेसुद्धा कुणाला माहीत नाही.

पुढच्या पावसाला कुरणात मारवेल उगवलंच नाही, नुसतं कुसळ आलं. पाटलाचे बैल रक्ताळल्या जिभांनी गवतात उभे राहून उपाशी मरू लागले. तेव्हा भगताच्या अंगात येऊन बिरोबा बोलला म्हणे, "पाटलाच्या घरचं एक तोंड बांधून कुरणातनं न्या. दरसाल न्या."

कुणाचं तोंड, ते देवानं सांगितलं नव्हतं. पाटलाच्या घरचे बाप्ये ओसरीवर बसले आणि त्यांनी ते ठरवलं. त्या साली उरलेले बैल वाचले, पण कुसळ काही गेलं नाही.

आजही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या घरातल्या सगळ्यांत लहान लेकराच्या तोंडाला मुसकं बांधतात आणि त्याची आई त्याला कडेवर घेऊन अनवाणी कुरण ओलांडते. तिच्या पोटऱ्या रक्तानं भरतात. पाटील मंडळी फेटे बांधून बांधावर बसलेली असतात. लेकरू मुसक्याआड गुदमरून रडायला लागलं, की त्यांच्यातलाच कुणीतरी तिच्यावर खेकसतो, "अगं, पाय उचल की! पोराला तरास हुतोय, दिसत न्हाई व्हय?"