बयजा गवळणीची म्हैसवाट

हे शहर जेव्हा शहर नव्हतं, खैरटोला नावाचं साठ-सत्तर घरांचं गाव होतं, तेव्हा तिथं बयजा गवळण राहायची. तिच्या नऊ म्हशी होत्या. गावाच्या पश्चिमेला सखल जागा होती, तिथं त्या डुंबायच्या. लोळून लोळून त्यांनी ती रुंद केली. बयजानं कुदळ घेतली आणि नाल्याचं पाणी तिकडे वळवलं. मग लव्हाळा माजला, पाणकोंबड्या आल्या, बगळे आले. असं म्हणतात, की बयजा एकेका बगळ्याला नावानं हाक मारायची आणि तो मान वळवून बघायचा.

पण डोमाजी पाटलाला त्या चिखलाची लाज वाटायची. एक दिवस तो काठावर येऊन म्हणाला, "बयजे, पावण्यांले वास येते. परवापासून इथं मुरूम पडते. तुह्या म्हशी ने नदीवर."

"म्हशी नेता येतीन, पाटील," बयजा म्हणाली. "पण हा गारवा कसा नेऊ?"

पाटील हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी मुरमाच्या वीस गाड्या येऊन उभ्या राहिल्या.

त्या वैशाखात ऊन असं पेटलं होतं, की असं म्हणतात, अंगणातल्या रांजणात पाण्याला कढ यायचा. पाटलाची सून कौतिका नुकतीच बाळंत झालेली. बाळ तापलं, दूध घेईना. सुईणीनं हात टेकले. तेव्हा कौतिकानं कुणाला न विचारता बाळ उचललं आणि गाड्या आल्या त्याच दिवशी भर दुपारी बयजाचं काठावरचं खोपटं गाठलं. बयजानं तिला पाण्याच्या बाजूला बसवलं. लव्हाळ्यातून ओला वारा आला. घटकाभरात बाळ पोटभर दूध प्यायलं आणि झोपलं.

पाटील तणतणत आला.

"मामंजी, हळू बोला," कौतिका म्हणाली. "लेकरू निजलं."

बयजानं घोंगडी अंथरली. "आधी बसा तं खरं. मंग रागवा."

पाटील बसला, टेकला आणि घोरायला लागला. तो असा घोरला, म्हणतात, की पाणकोंबड्यांना वाटलं रेडा आला. दिवस कलला तेव्हा जागा झाला, आणि गाडीवानांना म्हणाला, "मुरूम खड्ड्यात टाकू नका. काठानं बांध घाला. पाणी टिकलं पायजे." बयजाला हसू आवरेना, रडूही आवरेना.

पुढं बयजा पिकल्या वयात गेली. त्या दिवशी नऊही म्हशी लव्हाळ्यात शिरल्या आणि परत आल्याच नाहीत. पण दुसऱ्या दुपारी गल्लीत खुरांचा आवाज झाला. म्हैस एकही दिसेना. नुसता गार वारा दारादारातून गेला, आणि उंबऱ्यांवर ओल राहिली.

आता तिथं मोठी बाग आहे, चहूकडे इमारती आहेत. बागेतून पेठेत जाणाऱ्या गल्लीला म्हैसवाट म्हणतात. तिथं कुणी भिंत घालत नाही, गाडी लावत नाही. वैशाखात दुपारी बारा वाजले, की दुकानदार रस्त्यावर पाणी शिंपडतात, खिडक्या उघडतात. स्कूटरवाले इंजिन बंद करून कडेला उभे राहतात. कुणीतरी म्हातारी गॅलरीतून ओरडते, "सरका बाप्पा, बयजाच्या म्हशी येऊन राहिल्या!"

सगळे सरकतात. आणि वारा येतो.