टिकलीचं पान

एक होती टिकली. लाल पाठ, काळे ठिपके. कपाळावरच्या टिकलीएवढीच. मोठी माणसं तिला ढालकिडा म्हणतात. म्हणू देत. आपण टिकलीच म्हणू.

टिकली राहायची मक्याच्या शेतात. ते शेत केतकीताईचं. केतकीताई मक्याचा अभ्यास करायची. मक्याला कोण खातं? मका कसा वाचवायचा? एका वाफ्यात फवारा मारून बघायची. एका वाफ्यात काठी रोवून बघायची. काठीवर पक्षी बसतात आणि अळ्या टिपतात. टिकली राहायची काठीच्या वाफ्यात.

तिथे होतं एक हिरवंगार पान. पानाच्या टोकाला टिकलीची अंडी. पिवळी पिवळी, इवली इवली. टिकली रोज म्हणायची, "उठा की रे बाळांनो!" बाळं काही उठेनात.

एक दिवस काय झालं?

कुरतुड कुरतुड! पानाला पडलं भोक. केवढं? हे एवढं! भोकातून अळीने डोकं काढलं. लठ्ठ अळी, खादाड अळी. खात खात निघाली अंड्यांकडे.

"अळीबाई, अळीबाई, पान सोड ना! पानावर माझी बाळं आहेत."

"नाही सोडत, जा! मला भूक लागलीय."

कुरतुड कुरतुड! अळी घासभर पुढे.

टिकली इकडे पळाली, तिकडे पळाली. आता गं बाई काय करू?

भिरभिर भिरभिर, टिकली गेली कोतवालाकडे. कोतवाल म्हणजे काळा पक्षी. लांब शेपटी. दूर तारेवर बसला होता. टिकली घाबरली. मलाच खाल्लं तर?

"तुला कोण खातंय? कडू कुठली!" कोतवाल म्हणाला. "बोल, काय हवं?"

"कोतवालदादा, कोतवालदादा, अळी टिप ना!
अळी पान सोडेना,
माझी बाळं उठेनात!"

"नाही टिपत. बसू कुठे? काठी उभी राहू दे, मग येतो."

कुरतुड कुरतुड! अळी घासभर पुढे.

भिरभिर भिरभिर, टिकली गेली काठीकडे. काठी कुठे होती? बांधावर! खुशाल लोळत होती.

"काठीमावशी, काठीमावशी, उभी राहा ना!
कोतवाल अळी टिपेना,
अळी पान सोडेना,
माझी बाळं उठेनात!"

"नाही राहत. माती बघ केवढी टणक! माती मऊ होऊ दे, मग राहते."

कुरतुड कुरतुड! अळी घासभर पुढे.

भिरभिर भिरभिर, टिकली गेली मातीकडे.

"मातीआई, मातीआई, मऊ हो ना!
काठी उभी राहीना,
कोतवाल अळी टिपेना,
अळी पान सोडेना,
माझी बाळं उठेनात!"

"नाही होत. तहानेने जीव चाललाय माझा. पाणी येऊ दे, मग होते."

कुरतुड कुरतुड! अळी घासभर पुढे.

भिरभिर भिरभिर, टिकली गेली पाण्याकडे. पाणी टाकीत होतं. डुबुक डुबुक करत होतं.

"पाणीबाळा, पाणीबाळा, पाटात ये ना!
माती मऊ होईना,
काठी उभी राहीना,
कोतवाल अळी टिपेना,
अळी पान सोडेना,
माझी बाळं उठेनात!"

"कसं येऊ? चावी बंद आहे. ताईला चावी फिरवू दे, मग धावत येतं."

कुरतुड कुरतुड! अळी घासभर पुढे. आता उरलंच किती पान? एवढुस्सं!

भिरभिर भिरभिर, टिकली गेली ताईकडे. दमली बिचारी. ताई भिंगातून पान बघत होती.

"ताई, ताई, चावी फिरव ना!"

ताईला ऐकूच येईना. टिकलीचा आवाज तो केवढा!

तेवढ्यात खटक खटक, खटक खटक! सोपानकाका आले. पाठीवर फवाऱ्याचा पंप.

"ताई, त्या वाफ्यात अळी दिसतेय. फवारू का?"

अरे बाप रे! फवारा मारला तर अळी मरेल. पण टिकलीची अंडी? तीही मरतील!

"अं... थांबा हं, बघते," ताई म्हणाली.

काका काही थांबेनात. खटक खटक, खटक खटक! काका निघाले वाफ्याकडे.

टिकलीने काय केलं? टप्पकन भिंगावर बसली! भिंगात टिकली झाली मोठी. आवाजही झाला मोठ्ठा!

"ताई, ताई, चावी फिरव ना!
पाणी पाटात येईना,
माती मऊ होईना,
काठी उभी राहीना,
कोतवाल अळी टिपेना,
अळी पान सोडेना,
माझी बाळं उठेनात!"

"काठी उभी नाही? अरे देवा!" ताईने जीभ चावली. "तो तर काठीचा वाफा! काठी रोवायची मीच विसरले. काका, थांबा! पंप खाली ठेवा!"

आणि ताई पळाली.

ताईने चावी फिरवली. करकर!
पाणी पाटात आलं. खळखळ!
माती मऊ झाली. घटाघटा प्यायली ना!
काठी उभी राहिली. खच्च!
आणि कोतवाल?

कोतवाल येईना! तारेवर बसून नुसता बघत राहिला.

कुरतुड कुरतुड! अळी अंड्यांपाशी आली.

"काका, खाली बसा," ताई हळूच म्हणाली. "आपल्याला घाबरतोय तो."

ताई खाली बसली. काका खाली बसले. सगळे गप्प. तुम्हीपण गप्प! श्शू...

अळीने आ वासला.

झप्प!

कोतवाल काठीवर आला. कोतवालाने अळी टिपली. अळीने पान सोडलं. पान थरथरलं. टोक लोंबलं. पण तुटलं नाही हं!

आणि बाळं?

टुच्च! एक अंडं फुटलं. टुच्च टुच्च टुच्च! बाळं उठली, बाळं उठली! काळी काळी, काटेरी. आईसारखी मुळ्ळीच नाहीत.

"ही कुणाची पोरं?" काका म्हणाले.

"माझीच!" टिकली परत ताईच्या भिंगावर बसून म्हणाली. "मोठी झाली की होतील लाल."

"आई, भूक!" बाळं ओरडली.

काका दचकले. "आता हीपण पान खाणार?"

"छे हो काका! आमच्यात पान नाही खात. आमच्यात मावा खातात." मावा म्हणजे मक्याचा रस पिणारे बारके किडे. बाळं तुरुतुरु गेली आणि मावा खाऊ लागली.

ताई खुदकन हसली. तिने पानाजवळ एक पाटी लावली. पाटीवर लिहिलं, 'इथे टिकली राहते. फवारा लांब ठेवा.'

टिकली पाटीवर बसली. आता कुठे तिने पंख मिटले.

पान वाचलं, बाळं जेवली,
आपली गोष्ट मक्यात निजली.