सहा अर्लांचा विलाप

'अर्ल' ही आयर्लंडातली वंशपरंपरागत सरदारकी. ती बापाकडून थोरल्या मुलाकडे जाते आणि तिला गावाचे नाव जोडलेले असते. त्या गावात राहण्याची अट मात्र नसते.

ड्रमकॅलनचा सातवा अर्ल लंडनहून प्रथमच गावात आला, तो शिकारीसाठी रान मोकळे करायला. आड येणारी एकच झोपडी उरली होती, म्हाताऱ्या ग्रान्याची. मेलेल्यांचे विलाप गाणे हे तिचे पिढीजात काम. गावच्या मातीत जो पुरला जाई, त्याचाच विलाप ती गाई.

"म्हातारे," पाहुण्यांसमोर अर्ल म्हणाला, "माझ्या घराण्यातल्या सहा अर्लांचा विलाप गा, तुझ्याच रिवाजाप्रमाणे. रिवाजात बसणारा एक जरी अर्ल गाळलास तर झोपडी पाडीन. नाही गाळलास तर मरेपर्यंत राहा. हा माझा शब्द!"

ग्रान्याने शाल डोक्यावरून घेतली, क्षणभर उभी राहिली आणि खाली बसली.

"अगं, गा ना!"

"झालं गाऊन, सरकार."

"एक अक्षर ऐकू आलं नाही!"

"या मातीत निजलेला एकही अर्ल मी गाळला नाही. सहाही जण लंडनात पुरलेत. इथं आहेत ती त्यांच्या अमलात उपाशी मेलेली माणसं. त्यांचं गाऊ? संध्याकाळपर्यंत ऐकावं लागेल."

झोपडी वाचली.

लोक सांगतात, अर्ल खदखदून हसला आणि त्याने तिला बक्षीस दिले. हे खोटे आहे. पाहुण्यांदेखत दिलेला शब्द गिळता येईना, म्हणून तो दातओठ खात परतला. ग्रान्याला हजरजबाबी म्हणतात, तेही चूक. आपली दोन मुले त्या मातीत ठेवली तेव्हापासून हे उत्तर तिच्यापाशी तयार होते. ते ऐकायला एखादा अर्ल गावात यायचा तेवढा राहिला होता.