दांडीवरचं नाणं

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. भास्करराव ढवळीकरांनी जुन्या बाजारातून भलामोठा ॲम्प्लिफायर आणून रेकॉर्ड प्लेयरच्या टेबलावरच ठेवला. त्या दिवसापासून सुई रेघ सोडून घसरू लागली. म्हणून त्यांनी सुईच्या दांडीवर तांब्याचं नाणं ठेवलं. घसरणं थांबलं.

"बघा, डोक्यावर भार असला की सगळे सरळ चालतात!" नाणं म्हणालं.

"अरे दादा, तुझ्या भाराने सुई मला खरवडते," तबकडी कळवळली. "पुढे मालकांच्या आईची अंगाई आहे. जगात ही एकच प्रत उरलीय!"

"आवाज येतोय ना? मग कुरकुर कसली?" ॲम्प्लिफायर गुरगुरला.

नाणं पाडलं तर सुई पुन्हा घसरेल आणि आपली रवानगी भंगारात होईल, हे दांडीला ठाऊक होतं. सुई अंगाईआधीच्या रिकाम्या पट्टीत आली. दांडीने जीव एकवटून अंग झटकलं.

नाणं टेबलावर पडलं आणि गडगडत ॲम्प्लिफायरवर आदळलं.

"बिघडली ही दांडी! काढूनच टाकतो," भास्करराव सुई उचलत म्हणाले.

"थांबा हो," त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी नाणं उचलून टेबलावर कडेवर उभं सोडलं. ते पुन्हा तिकडेच गडगडलं. "दांडीला काय बोल लावता? तुमच्या या धोंड्याने टेबलच कललंय!"

ॲम्प्लिफायर जमिनीवर उतरला. सुई अंगाईवर टेकली. डोक्यावर काहीच नसलेली दांडी अंगाई संपेपर्यंत रेघेवरून हलली नाही.